तळ वाजवून बघा, मगच इसार द्या

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही शिरोळ तालुक्यातले, अगदी नदीकाठचे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर काढायला आम्ही बोटीची वाट बघत बसलो होतो. शेवटी गुऱ्हाळाची काहील आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबवर काम भागवलं. आता मंडळानं वर्गणी काढलीय. मालवणला एक १८ फुटी फायबरची होडी बघून आलो. मासेमारीची आहे, १४ वर्षांची. मालक दीड लाख म्हणतो, इंजिन वेगळं. दिसायला झकास आहे, नुकताच निळा रंग मारलाय. पण आमच्यातल्या एकानं डोक्यात किडा सोडला. काही बोटींचा तळ भरीव फायबरचा असतो, काहींच्या तळात मधे फोम नाहीतर लाकूड घालतात आणि ते आतल्या आत कुजतं, बाहेरून पत्ता लागत नाही, असं तो म्हणतो. मालकाला विचारलं तर त्याचं उत्तर, ‘फायबर आसा, तेका काय जावचा नाय.’ किती थर, कुठलं रेझिन, कुणी बांधली, कशाचाच कागद नाही. पैसा लोकांचा आहे आणि बसणारी माणसंही आमचीच. तळाची ही काळजी डोक्यातून जात नाही. काय बघू?
— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्राची शेवटची चार वाक्यं वाचली आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवली. शिरोलीच्या आमच्या शेडमध्ये मी २६ वर्षं फायबरचं काम केलं. मॅट कापण्यापासून सुरुवात केली, मग जेलकोट, मग ले-अप, म्हणजे साच्यात थर बसवणं. पाण्याच्या टाक्या, दरवाजे, गणपतीच्या कमानी, मिरवणुकीचे रथ आणि त्यातच काही होड्या. दुरुस्तीला आलेल्या होड्या मात्र नव्या बांधलेल्यांपेक्षा जास्त. कटर लावून त्या उघडल्या, त्यात जे दिसलं त्याच्या भरवशावर सांगते.

आधी भरीव आणि सॅण्डविच याचा घोळ मिटवू. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. साच्यात आधी जेलकोट मारतात. बाहेरून दिसणारी ती गुळगुळीत कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. तिच्यामागे मॅट, रोव्हिंग म्हणजे काचेच्या जाड धाग्यांचं विणलेलं कापड, पुन्हा मॅट असे थर हातानं रोलर मारत बसवतात. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची एक मॅट नीट बसली की साधारण एक मिलिमीटर जाडी देते. आम्ही १८ फुटी होडीच्या तळाला ३०० ची एक मॅट, ४५० च्या चार आणि मधे ६१० चं विणलेलं रोव्हिंग दोनदा घालायचो. जेलकोट धरून साडेसहा मिलिमीटरच्या आसपास तळ व्हायचा आणि मधल्या कण्यावर त्याच्या दुप्पट. हा भरीव तळ. सॅण्डविचमध्ये फायबरच्या दोन पातळ कातड्यांच्या मधे फोम, बाल्साचं हलकं लाकूड नाहीतर प्लायवूड असतं. वजन कमी आणि ताठपणा जास्त, यासाठी ते करतात. ते काही फसवणुकीचं काम नव्हे. नीट केलेलं सॅण्डविच उत्तम टिकतं. पण पुढे कुणीतरी त्यात ड्रिल मारून जाळ्याचा हूक बसवतो, भोकाला सील लावत नाही, आणि तिथून पाणी आत शिरतं. शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते.

वाळूवरून रोज ओढायच्या छोट्या मासेमारी होड्या मी उघडल्या, त्यांचा तळ बहुतेक वेळा भरीव निघाला. तुमची तशीच असावी असं मला वाटतं, पण वाटण्यावर दीड लाख देऊ नका. खात्री घरच्या घरी होते. होडीच्या तळाला पाणी काढायचं बुचाचं भोक असतं. बूच काढा, करंगळी आत घाला आणि भोकाची कड चाचपा. भरीव असेल तर कड एकसलग काचेसारखी लागते. मधे काही भरलेलं असेल तर बोटाला दोन कातड्या आणि मधला मऊ भाग वेगळा कळतो. तिथंच व्हर्नियर लावून जाडी मोजा. बुचाजवळ कधी कधी जास्तीचे थर दिलेले असतात, म्हणून इंजिनाच्या पाण्याचं किंवा दुसरं एखादं आरपार भोक सापडलं तर तिथंही मोजा.

मग अंधार पडायची वाट बघा. एकानं होडीच्या आत बसायचं आणि चांगला झगझगीत टॉर्च तळाला टेकवून धरायचा. दुसऱ्यानं बाहेरून बघायचं. भरीव फायबरमधून मधासारखा उजेड येतो. त्यात ढगासारखे पांढुरके डाग दिसले तर तिथं रेझिन मॅटमध्ये मुरलेलं नाही. काळे ठिपके दिसले तर हवेचे बुडबुडे. एखादा चौकोनी, सरळ कडांचा काळा भाग दिसला तर तिथं ठिगळ आहे, आणि मालकाला ते कधी, कशानं झालं ते विचारायचं. जाड रंगातून उजेड येत नाही, आणि तुम्ही तर ताज्या निळ्या रंगाचं लिहिलंय. म्हणून आतल्या बाजूला फळीखाली, जिथं ब्रश पोचला नसेल, तिथं हे करून बघा.

तो ताजा रंग मला खटकला. मासेमारीची होडी विकायच्या आधी रंगवतात, त्यात वावगं काही नाही, आपणही म्हैस बाजारात न्यायच्या आधी धुतो. पण रंगाखालची भेग दिसत नाही. सकाळी ऊन तिरपं असताना होडी पालथी घाला, नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी बसा आणि डोळा तळाच्या रेषेत लावून मागपर्यंत नजर टाका. खड्डा, फुगीर उंचवटा, ठिगळाची कड, सगळं उभं राहतं. शंका आली तिथं बोटभर रंग खरवडायला परवानगी मागा. मालक नाही म्हणाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं, चहा घ्या आणि फोंडा घाटानं परत या.

आता आवाज. कुंभार गल्लीत माठ घेताना तुमची आई टिचकी मारून बघत असेल, अगदी तसंच. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरा आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं तळावर वीतभर अंतरानं ओळीनं टकटक करत जा. धडधाकट फायबर टणक, कोरडा आवाज देतं. थर सुटले असतील किंवा आत पाणी असेल तिथं आवाज एकदम बद्द होतो, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. आतून कुठं आडवी पट्टी किंवा फळी असेल तर तिथंही आवाज बदलतो, म्हणून घाबरण्याआधी आत डोकावून बघा. बद्द वाजलेल्या जागेभोवती खडूनं गोल काढत जा. पूर्ण होडी वाजवून झाल्यावर लांब उभं राहून ते गोल बघा. दोन-चार सुटे गोल असतील तर दुरुस्त होण्यासारखं आहे. गोल एकमेकांना भिडून कण्याच्या कडेनं लांब पट्टा झाला असेल तर ती होडी आपली नव्हे.

फोडांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी तुम्हाला त्याचीही भीती घालणार आहे. जेलकोटमधून पाण्याचा अंश हळूहळू आत झिरपतो, आत न जुळलेल्या रसायनाबरोबर त्याचं आम्लट द्रावण होतं, ते आणखी पाणी ओढून घेतं आणि कातडीवर फोड येतात. फोड टोचला की चिकट पाणी येतं आणि त्याला व्हिनेगरसारखा वास असतो. टोचताना चष्मा घाला, आतल्या दाबानं ते डोळ्यात उडतं. लोकांना वाटतं, समुद्राचं खारं पाणी फायबरला खातं. या फोडांच्या बाबतीत उलट आहे. गोड्या पाण्यात ते जास्त येतात, कारण आतल्या द्रावणाच्या मानानं गोडं पाणी आणखी पातळ असतं आणि जोरानं आत ओढलं जातं. मालवणची होडी रोज वाळूवर ओढली जाते, वाळते. धरणात बारा महिने तरंगत ठेवलेल्या बोटीला जेवढे फोड येतात तेवढे तिला येत नाहीत. म्हणून तुमच्या होडीला मुगाच्या दाण्याएवढे दहा-वीस फोड निघाले तर त्यावर भाव पाडा आणि घ्या. फक्त गावात आणल्यावर ती नदीत बांधून ठेवू नका. शेडमध्ये, पालथी, ओंडक्यांवर ठेवा.

इथवर तळाचं झालं. आता मला ज्याची खरी काळजी वाटते तिकडे येते. तुम्ही पत्रात तळ हा शब्द तीन वेळा लिहिलाय आणि मागच्या फळीचं नावही काढलेलं नाही.

२००६ साली आम्ही स्वतः एक जुनी १६ फुटी होडी घेतली होती. तिचा साचा काढायचा विचार होता. मिस्टर आणि मी दोघं गेलो होतो बघायला. तळ मी स्वतः वाजवला, जाडी मोजली, सात मिलिमीटर भरली. मॅट छान मुरलेली, एक बुडबुडा नाही. मी म्हटलं, बांधणारा माणूस हुशार होता, घेऊन टाकू. आणली. साचा काढण्याआधी नदीवर एक फेरी मारू म्हणून इंजिन लावलं. काठापासून वीस-पंचवीस हात गेलो असू. मिस्टरांनी एकदम जोर दिला, आणि मागून कापड फाटल्यासारखा आवाज आला. ज्या फळीवर इंजिन टांगतात ती फळी वरच्या बाजूनं मागे झुकली, इंजिन तिरकं होऊन पाण्यात अर्धं गेलं आणि नुसत्या केबलवर लोंबत राहिलं. मागच्या कडेवरून पाणी आत यायला लागलं. नदी उन्हाळ्याची, संथ, कमरेएवढी, म्हणून आम्ही चालत काठाला आलो. नंतर शेडमध्ये ती फळी कापली. बाहेरून दोन्ही बाजूंनी फायबर ठणठणीत. आतलं प्लायवूड बोटानं उकरलं तर चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं, काळं, ओलं, आंबूस वासाचं. इंजिनाचे चार बोल्ट जिथं आरपार गेले होते तिथं सील नावाला नव्हतं. वर्षानुवर्षं थेंब थेंब पाणी त्या भोकांतून जात राहिलं होतं. होडी बांधणारा हुशार होता, ते खरं होतं. पण बोल्ट मारणारा वेगळा माणूस होता आणि त्याचं काम बघायला मी विसरले होते.

तीच नदी ऑगस्टातली असती, पातळी ४३ फुटांच्या धोक्याच्या रेषेवर असती आणि आत तुमच्या गल्लीतली आजी बसलेली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून भाऊ, मालवणला गेलात की आधी होडीच्या मागे जा. इंजिन लावलेलं असेल तर ते वर उचलून अडकवा आणि त्याच्या पंख्याकडच्या टोकावर हातानं हळूहळू भार द्या. नजर फळीवर ठेवा. फळी जरा जरी लवली, वरच्या कडेला केसाएवढी भेग उघडली-मिटली, तर आत लाकूड संपलेलं आहे. इंजिन नसेल तर दोघांनी फळीला धरून पुढे-मागे हिसका देऊन बघा. बोल्टांच्या खालून तपकिरी ओघळ आले असतील तर ते लाकडाचं पाणी असतं. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे, आतल्या बाजूनं, फळीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरचं ड्रिल मारा. मालकाला आधी सांगा की भोक आम्ही भरून देऊ. ड्रिलबरोबर येणारा भुसा हातावर घ्या. फिकट, कोरडा, सुट्टा असेल तर छान. काळा लगदा आला तर पुढचं काही बघायची गरज नाही. भोक इपॉक्सीनं बुजवा, विसरू नका, नाहीतर आपणच नवी वाट करून दिली असं होईल.

फळी गेलेली असेल आणि तळ उत्तम असेल तर होडी सोडायचीच असं नाही. फळी नवी करता येते. पण ते काम कामगाराच्या भरवशावर सोडू नका, समोर उभं राहून आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लायवूड वापरून घ्या. आयएस ३०३ चं साधं कमर्शियल प्लाय दिसायला तसंच असतं आणि स्वस्त पडतं. भाव करताना या कामाचा खर्च आधी कोटेशन घेऊन मग वजा करा.

फळीनंतर आतली जमीन. अनवाणी चाला. टाचेखाली कुठं गादीसारखं दबलं तर खालचं लाकूड मऊ झालंय. जमिनीखाली तळाला ताठपणा द्यायला लांब पट्ट्या असतात आणि त्या फायबरनं तळाला चिकटवलेल्या असतात. पुट्टीची पातळ पत्री त्या सांध्यात सरकवून बघा. पत्री आत गेली तर सांधा सुटलाय. पट्टी सुटली की तळ लाटेवर लवतो, आणि लवत राहिला की जेलकोटवर पट्टीच्या रेषेत बारीक समांतर भेगा येतात. एखाद्या ठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल भेगा असतील तर तिथं कधीतरी मार बसलाय. या भेगा नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. पाण्यात विरघळणारी निळी शाई चोळून लगेच पुसून घ्या, भेगेत शाई राहते.

आणि एक गोष्ट पुरासाठीच. मासे पकडणाऱ्याला पोहता येतं, तुमच्या आजीला येत नाही. होडी पाण्यानं भरली तरी ती तरंगत राहिली पाहिजे. त्यासाठी पुढे-मागे हवेचे बंद कप्पे किंवा फोम असतो. कप्प्याचं झाकण उघडून आत कोरडं आहे का बघा. फोम असेल तर एक तुकडा काढून पिळा. जुना फोम स्पंजासारखं पाणी धरून बसलेला मी पाहिलाय, तो तरंगवायच्या ऐवजी ओझं होतो. कुणी थर्माकोल कोंबला असेल तर तो काढून टाका. त्यावर पेट्रोल सांडलं की तो विरघळून चिकट गोळा होतो, आणि पेट्रोलचा कॅन तर तुम्ही शेजारीच ठेवणार. पाणी धरल्याचा संशय असेल तर परत येताना एक सोपी गोष्ट करा. ट्रॉलीवर होडी चढवून वजनकाट्यावर न्या, मग रिकामी ट्रॉली. अशी १८ फुटी होडी बांधणाऱ्या एखाद्या शेडला फोन करून रिकाम्या होडीचं वजन विचारा. पन्नास-शंभर किलो जास्त भरली तर ते पाणी कुठेतरी आहे. हे इसार देण्याआधी, मालवणातच झालं तर उत्तम.

रेझिन कुठलं, हे आता शोधायच्या मागे लागू नका. साधं जीपी (जनरल पर्पज) की आयसो (आयसोफ्थॅलिक), ते नवीन बांधून घेताना महत्त्वाचं आहे, आणि बांधून घेतलीत तर आयसोच मागा, पाण्याला ते जास्त टिकतं. पण १४ वर्षांच्या होडीनं स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच्या अंगावर लिहिलेलं असतं. फक्त रेझिन पुरतं वाळलं होतं का, एवढं बघता येतं. आतल्या रंग नसलेल्या जागेवर अ‍ॅसिटोनचा बोळा अर्धा मिनिट चोळा. जागा चिकट झाली तर हार्डनर कमी पडला होता. टणक राहिली तर बांधणाऱ्यानं काम मनापासून केलं होतं.

होडी पसंत पडली तर तिथंच पाण्यात घाला. तुमच्या मंडळातली सहा पोरं बसवा, अर्धा तास फिरवा, वर काढा आणि मग बूच काढून किती पाणी निघतं ते बघा. गावात आल्यावर उथळ पाण्यात मुद्दाम भरून बुडवून बघा, काठ पाण्याच्या वर राहतो का. आणि किती माणसं बसवायची ते आकडे मोठ्या अक्षरात दोन्ही बाजूंना रंगवा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. पुरात माणूस घाबरलेला असतो, तो एकाच खेपेत सगळ्यांना घ्या म्हणतो. होडीवर आकडा लिहिलेला असला की तुमच्या पोराला नाही म्हणता येतं. लाइफ जॅकेटचे पैसे होडीच्या दीड लाखात धरा, नंतर करू म्हणू नका.

कागदाचं थोडक्यात. मासेमारीची होडी म्हणजे मत्स्यव्यवसाय खात्याकडं तिची नोंदणी असणार. ती मालकाच्याच नावावर आहे का बघा आणि विक्रीचा लेखी करार करून घ्या. इंजिनाची बोट नदीत चालवायची तर २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, १९१७ चा जुना त्यानं गेला. तहसीलदार कचेरीतल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आधी भेटा. पुराच्या दिवशी तुमची बोट त्यांच्या यादीत असली तर डिझेल-पेट्रोलपासून सगळं सोपं जातं.

माझा अंदाज विचाराल तर तळ चांगला निघेल, फळी दुरुस्तीला येईल आणि होडी सव्वा लाखाच्या आत बसायला हवी. पावसाळा तोंडावर यायच्या आधी जा. जूनमध्ये भाव वाढतो आणि दमट हवेत फायबरची दुरुस्ती नीट होत नाही.

प्रश्न : ताई, आमच्याकडे १२ फुटी वल्ह्याची फायबर बोट आहे. तळाला दगड लागून तळहाताएवढं भोक पडलं. गॅरेजवाल्यानं पुट्टी भरून दिली, ती दर पावसाळ्यात सुटते. कायमचं काय करावं?
— एक वाचक, राधानगरी

उत्तर : पुट्टी भोकात नुसती अडकून बसलीय, तळाला धरून नाही. भोकाच्या कडा ग्राइंडरनं उतरत्या करा. जाडीच्या बारापट उतार लागतो, म्हणजे तळ ६ मिलिमीटर असेल तर भोकाच्या सगळ्या बाजूंनी सात सेंटिमीटर रुंद उतार. भोक आहे त्यापेक्षा खूप मोठं झाल्यासारखं वाटेल आणि तुमचा जीव वर-खाली होईल, पण थर पकडतात ते याच उतारावर. मग ६० नंबरच्या कागदानं खरबरीत करा, अ‍ॅसिटोननं पुसा, पूर्ण वाळू द्या. भोकाच्या एका बाजूनं मेणकागद लावलेली पत्र्याची पट्टी आधाराला धरा आणि दुसऱ्या बाजूनं लहानापासून मोठे असे कापलेले थर बसवत या.

जुन्या फायबरवर इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. इपॉक्सी वापरलं तर साधी मॅट घेऊ नका, विणलेलं ग्लास कापड घ्या. साध्या मॅटचे धागे ज्या चिकटीनं बांधलेले असतात ती पॉलिस्टरच्या रेझिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट वाकायलाच तयार होत नाही. पॉलिस्टरनं करणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर वाळायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी ओतू नका, त्याचा भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. काम एप्रिलमध्ये करा. मॅटला ओल लागलेली असेल तर उन्हात वाळवून घ्या.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नुकताच फायबरच्या कारखान्यात लागलाय. रात्री अंगाला खाज सुटते म्हणून झोपत नाही. काम सोडायला सांगू का?
— एक आई, कागल

उत्तर : ताई, काम सोडायला लगेच सांगू नका. पहिले दोन महिने मीही रडले होते. काचेचे बारीक धागे कातडीत टोचतात, त्याची ती खाज. घरी आल्यावर त्यानं आधी गार पाण्यानं, न चोळता अंग धुवावं आणि मग साबण लावावा. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, मनगटाला चिकटपट्टी, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. कापडी मास्क रेझिनच्या वासाला काहीही करत नाही. वाफेचा फिल्टर असलेला मास्क मालकाकडे मागायला सांगा, आणि तो देत नसेल तर मात्र तिथलं काम सोडायला सांगा. हार्डनर ओतताना डोळ्यावर चष्मा पाहिजेच. थेंब डोळ्यात गेला तर दवाखान्यात पळायच्या आधी नळाखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवायचा, हे त्याला आज रात्रीच सांगा.